मारखा व्हॅली ट्रेक: चढाचं काय नाही, नदी ओलांडायचं कसं करायचं?

शहापूरचा_विन्या

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं बेळगावचे, यंदा लडाखात मारखा व्हॅलीचा ट्रेक करायचा प्लॅन करलालोय. आजवर सगळं इकडचंच झालंय, राजहंसगड तर दर रविवारचा, शिवाय कलानंदीगड, पारगड, चोर्ल्याकडचं रान, पावसात चिखल तुडवत फिरणं अंगवळणी पडलंय त्यामुळं चालायला कोण घाबरत नाही. खरं व्हिडिओ बघितले तर त्यात माणसं मांडीएवढ्या पाण्यातनं नदी पार करताना दिसतात आणि आजूबाजूला झाड म्हणून नाही, नुसते उघडे डोंगर.

प्लॅन असा आहे, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीहून विमानानं लेह, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं चिलिंग, तिथनं स्क्यू, मारखा, हांकर, निमालिंग आणि मग कोंगमारू ला (तिकडं ला म्हणजे खिंड) ओलांडून शांग सुमदोला खाली. गणपतीच्या आत घरात यायलाच पाहिजे, मंडळाचा मांडव आमच्याच गल्लीच्या गळ्यात असतोय.

आपण खानापूरचे ओढे पावसाळ्यात पार करतो तसंच हे का काय वेगळं? दोर न्यायचा काय? आणि चौघांतले एक आमचे काका आहेत, वय ५६, बीपीची गोळी चालू आहे, खरं चढाला आम्हालाच मागं टाकतात. त्यांना न्यावं का नको? घरात काकूंना अजून सांगितलेलं नाही.

रानवाट_खानापूर

विन्या, दोर राहू दे घरातच. माणसाच्या कमरेला दोर बांधून वाहत्या पाण्यात सोडायचं हे लोकांना लई सेफ वाटतंय, खरं पाय सुटला की दोर ताणला जातो आणि पाणी माणसाला वर येऊ देत नाही, आतच दाबून धरतंय. दोराचं काम शिकलेल्याचं आहे, आपलं नव्हे.

आता मुद्दा. आपल्याकडच्या ओढ्याला आणि तिकडच्या नदीला नियमच वेगळा आहे. आपल्याकडं आमगाव-कणकुंबीला सर आली की तासाभरात ओढा लाल होऊन फुगतोय आणि पाऊस थांबला की थोड्या वेळात उतरतोय, म्हणजे आपण आभाळाकडं बघून ठरवतो. मारखात आभाळ निळंशार असतं, ढगाचा ठिपका नाही, आणि तरी दुपारनंतर पाणी वाढत जातं. कारण ते पाणी पावसाचं नाहीच, वरच्या बर्फाचं आणि हिमनद्यांचं आहे. ऊन चढलं की बर्फ वितळायला लागतं, ते पाणी वाहत खाली यायला काही तास लागतात, त्यामुळं नदी सगळ्यात जास्त असते दुपार टळल्यावर ते संध्याकाळी, आणि सगळ्यात कमी पहाटे. म्हणजे ऊन जेवढं कडक तेवढी संध्याकाळची नदी मोठी. आपल्या डोक्यात ऊन म्हणजे सेफ दिवस असं बसलेलं आहे, ते आधी काढून टाका. तिथं चालायला पहाटे निघायचं आणि पाण्यातनं जायची जागा सकाळच्या आत मागं टाकायची. दुपारी पोचलात आणि पाणी जोरात वाटलं तर सरळ तंबू ठोका, दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जागा गुडघ्याच्या खाली असेल.

जागा निवडताना अरुंद बघू नका. अरुंद म्हणजे दोन उड्यांत पार असं वाटतंय, खरं तिथंच पाणी खोल आणि जोरात. नदी पसरून दोन-तीन फाट्यांत वाहते तिथनं जावा. अनवाणी नको, बूट काढून सॅंडल घालायच्या, पाणी एवढं गार आहे की मिनिटाभरात पायाला दगड कळायचे बंद होतात. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा, पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे. तिघांनी खांदे धरून, तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला करून, काठी पुढं रोवत तिरकं सरकायचं. एवढंच तंत्र आहे.

चिलिंगला मात्र काय भीती नको. पूर्वी तिथं झांस्कर नदी लोखंडी दोरावरच्या पाळण्यात बसून ओलांडायला लागायची, आता पूल आहे आणि गाडीरस्ता पलीकडं स्क्यूच्या दिशेनं आत गेलाय. दरवर्षी रस्ता पुढं सरकतोय आणि तेवढं चालणं कमी होतंय, मला विचाराल तर चांगलं का वाईट सांगता येत नाही, गावात आजारी माणसाला पाठीवरनं आणणाऱ्याला विचारलं तर तो चांगलंच म्हणणार.

एक जागा कोण बोलत नाही ती सांगतो. कोंगमारू ला उतरल्यावर शांगकडं जाताना चिंचोळी घळ लागते, दोन्ही बाजूला जांभळ्या-हिरव्या दगडाच्या उभ्या भिंती आणि वाट सारखी ओढ्याच्या या काठावरनं त्या काठावर. सगळं लक्ष खिंडीवर असतं, खिंड झाली म्हणजे ट्रेक झाला असं समजून माणसं ढिली पडतात आणि नेमकं दमल्या पायानं दुपारी त्या घळीत उतरतात. निमालिंगहून उजाडायच्या आत निघा.

दवाखाना_टिळकवाडी

नदीचं वरती छान सांगितलं आहे, मी दुसरं बोलते, कारण तुमच्या प्लॅनमधली खरी धोक्याची ओळ "दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं चिलिंग" ही आहे.

बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. कळसुबाई १६४६ मीटर, लेह शहर त्याच्या दुपटीहून वर, सुमारे ३५०० मीटर. कोंगमारू ला ५२०० च्या आसपास. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, दाब कमी होतो, म्हणून एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन लेहला समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांश आणि खिंडीत निम्म्याच्या थोडा वर. विमानानं हे अंतर तुम्ही दीड तासात कापता, शरीराला त्याची खबरच नसते. त्यामुळे लेहमध्ये किमान दोन पूर्ण दिवस, जमलं तर तीन. पहिल्या दिवशी खोलीत पडून राहा, शांतीस्तूपाच्या पायऱ्या चढून फोटो काढायचा उत्साह नको. तीन हजारच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा सर्वमान्य नियम आहे. तुमच्या वाटेवर हांकर साधारण चार हजारावर आणि निमालिंग पावणेपाच हजाराच्या जवळ, ही एका दिवसाची उडी मोठी आहे. मध्ये थाचुंगत्सेला एक मुक्काम घाला.

डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. बसल्याजागी धाप लागणं, खोकला, किंवा सरळ रेषेत चालताना तोल जाणं यापैकी काही दिसलं तर रात्र असली तरी खाली उतरवायचं, सकाळची वाट बघायची नाही. डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीचा त्रास टाळायच्या गोळीबद्दल, विचाराल म्हणून सांगते, प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर जायच्या आदल्या दिवसापासून देतात, पण सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर नाही. आणि काकांची बीपीची गोळी लघवी वाढवणाऱ्या प्रकारातली असेल तर दोन्ही एकत्र घ्यायचं का हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. उंचीवर पहिले काही दिवस बीपी थोडं चढू शकतं. ५६ वय ही अडचण नाही, बीपी आटोक्यात आहे की नाही हा प्रश्न आहे. जायच्या आधी ईसीजी आणि तपासणी करून घ्या. आणि काकूंना सांगा हो.

निपाणीचा_बुलेटवाला

एवढं काय घाबरवताय पोरांना. आम्ही लेहला उतरलो आणि दुसऱ्या दिवशी गाडीनं खारदुंग ला खिंडीत जाऊन आलो, काय सुद्धा झालं नाही. लसूण खायचा आणि कापूर हुंगायचा, बास.

दवाखाना_टिळकवाडी

बुलेटवाले, तुम्ही गाडीनं वर गेलात आणि त्याच दिवशी खाली झोपायला आलात, म्हणून निभावलं. हे लोक वर झोपणार आहेत, दोन्हीत फार फरक आहे. शिवाय राजहंसगड पळत चढणाऱ्यालाच हा त्रास होणार नाही अशी काही हमी नसते, उलट दमसास चांगला असलेली तरणी मुलंच भरभर वर जातात आणि आडवी होतात. लसूण आमटीत घाला.

अथणीकर

झाड नाही म्हणून आश्चर्य वाटलं असेल तर आपल्याच जिल्ह्यात बघा की. कणकुंबीला पावसाळ्यात छत्री मिटता येत नाही आणि आमच्या अथणीत सहाशे मिलिमीटर पडला तर लोक पेढे वाटतात, मध्ये अंतर ते किती. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आमच्याकडं नुसता वारा येतोय. लडाखात तेच हिमालयानं केलंय, फक्त तिथं भिंत एवढी उंच आहे की लेहला वर्षाला साधारण शंभर मिलिमीटरच पाऊस. म्हणून ते वाळवंट, आणि म्हणून सगळी गावं नदीच्या कडेला, बर्फाचं पाणी पाटानं आणून जवाची शेती करणारी. मारखात चालताना तासन्‌तास राखाडी-तपकिरी डोंगर आणि मधीच एकदम हिरवा तुकडा दिसतोय, तो दिसला की समजायचं गाव आलं, चहा आला.

खरं त्या कोरडेपणाचा एक उलटा धोका आहे. डोंगराला झाडाझुडपाचं मूळ नाही, माती सुटी, त्यामुळं जोराचा पाऊस पडलाच तर पाण्याबरोबर अख्खा उतार खाली येतोय. २०१० च्या ऑगस्टमध्ये ५ तारखेच्या रात्री लेह भागात ढगफुटी झाली, दोनशेच्या वर माणसं गेली. आणि घळीत असताना तुमच्या डोक्यावर पाऊस पडायलाच पाहिजे असं काय नाही, वर कुठंतरी पडला तरी गाळ तुमच्यापर्यंत येतो. म्हणून कोरड्या नाल्याच्या पात्रात सपाट जागा कितीबी मऊ दिसली तरी तंबू टाकायचा नाही.

बाकी बारीकसारीक: प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेड लागतंय, आणि दरीत आत गेलं की बऱ्याच ठिकाणी तेही नाही. ऊन गार वाऱ्यात कळत नाही, संध्याकाळी नाक सोलून निघालेलं असतंय. पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून. होमस्टेत जेवण घरचं, थुक्पा (शेवयांचं सूप), स्क्यू (गाव नव्हे, त्याच नावाचा कणकेच्या तुकड्यांचा पदार्थ), पहाटे त्यांची भाकरीसारखी जाड रोटी, आणि लोण्याचा खारा चहा, जो आपल्या गोड चहाच्या माणसाला पहिल्या घोटाला झेपत नाही. चेकपोस्टवर आम्हाला एक जवान भेटला, मराठा लाइट इन्फंट्रीचा, बेळगावात ट्रेनिंग झालेला. कॅम्पातल्या हॉटेलांची चौकशी करत बसला, आमची गाडी अर्धा तास तिथंच.

शहापूरचा_विन्या

सगळ्यांचे लई आभार. काकूंना सांगितलं, अपेक्षेप्रमाणं दोन दिवस घरात कोण बोलत नव्हतं, आता ईसीजीची अट घालून परवानगी मिळाली आहे. काकांची गोळी खरंच लघवीची निघाली त्यामुळं डॉक्टरकडं जायचंय.

आता असं सुचतंय की ऑगस्टच्या ऐवजी विसर्जन झाल्यावर निघावं. लेहात तीन दिवस आणि थाचुंगत्सेचा मुक्काम धरला तर सुट्टी वाढते, खरं मंडळाचं टेन्शन तरी राहत नाही. पाणी तेव्हा कमी असेल ना? आणि निझामुद्दीनपर्यंत गोवा एक्सप्रेसनं जाऊन पुढं दिल्लीहून विमान धरलं तर स्वस्तात पडतंय का?

रानवाट_खानापूर

आता कसं शहाण्यासारखं बोललास गा. सप्टेंबरात ऊन उतरलेलं असतं त्यामुळं वितळणं कमी, नदी बरीच खाली आणि पाणी निवळ. बदल्यात थंडी, निमालिंगला रात्री बाटलीतलं पाणी गोठतंय, झोपायची पिशवी शून्याच्या खालच्या थंडीला टिकणारी पाहिजे, इकडं चोर्ल्यात वापरतो ती नव्हे. एक बघा, गणपती उशिरा असलेल्या वर्षी विसर्जन होईतोवर सप्टेंबर संपत येतो आणि निमालिंगचे मुक्कामाचे तंबू उठायला लागतात. निघायच्या आधी लेहात विचारून घ्या, तंबू नसतील तर स्वतःचा न्यायला लागणार, मग घोडा आणि घोडेवाला आलाच. तुमच्यासोबत काका आहेत म्हणून मी तसाही घोडेवाला घ्याच म्हणेन, नदीची आजची जागा कुठली हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं, आणि उद्या काकांना खाली आणायची वेळ आली तर पाठीवर कोण घेणार, तू?

रेल्वेनं जावा, पैसे वाचतील. खरं परत येताना विमानाच्या तारखेच्या आधी लेहात एक मोकळा दिवस ठेवा, खराब हवेत तिकडची विमानं रद्द होतात आणि दिल्लीची गाडी चुकली की मग सगळं तिकीट पाण्यात.

माझ्याकडं दोन झोपायच्या पिशव्या आहेत, खानापूरला येऊन घेऊन जा. धुऊन परत द्यायच्या.