पीएसए ७.८ वरून ५.१ वर आला, तरी बायोप्सी? वडिलांच्या रिपोर्टबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अण्णांच्या (वडील, वय ६८, कराडजवळ गावी असतात) रिपोर्टांनी डोकं भंजाळून गेलंय. यातून गेलेल्यांनी आणि जाणकारांनी कृपया लिहावं.

लघवीचा त्रास दोनेक वर्षांचा. रात्री चार-पाचदा उठणं, धार बारीक, सुरू व्हायला वेळ, झाल्यावरही थोडी राहिल्यासारखं वाटणं. आम्हाला पत्ताच नव्हता. आईनेच सांगितलं, की एसटीने कुठे जायचं असलं की हे आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात आणि स्टँडवर उतरल्या उतरल्या पिशवी तिच्या हातात देऊन आधी मुतारी गाठतात. विचारलं की 'वयाने होतंय.'

गेल्या वर्षी कराडला यूरोलॉजिस्टना दाखवलं. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीची रक्ततपासणी, आकडा वाढला की कॅन्सरची शंका घेतात) ७.८, सोनोग्राफीत प्रोस्टेट ७० सीसी, लघवी झाल्यावर आत राहिलेली ९० मिली. लघवीत इन्फेक्शन नव्हतं. साधी, कॅन्सरची नसलेली वाढ दिसते म्हणून टॅम्सुलोसिन (धार मोकळी करणारं) आणि ड्युटास्टेराइड (ग्रंथी लहान करणारं) एकत्र असलेली गोळी सुरू केली. आता पुन्हा तपासलं तर ५.१. धारही सुधारलीय. घरात पेढे आणायचेच काय ते बाकी होते.

पुण्यात दुसरं मत घेतलं आणि सगळं उलटं झालं. हे डॉक्टर म्हणाले, ड्युटास्टेराइडने सहा महिन्यांत पीएसए साधारण निम्मा होतो, म्हणजे तो ३.९ च्या आसपास यायला हवा होता. आत्ताच्या ५.१ ची दुप्पट धरा. म्हणजे १०.२, कमी नाही, वाढलाय! गुदद्वारातून बोटाने तपासल्यावर उजवीकडे जरा कडक लागतंय म्हणाले. कराडच्या कागदावर 'मऊ' लिहिलंय.

मग एमआरआय. प्रोस्टेट ५८ सीसी, उजवीकडे बाहेरच्या भागात ९ मिमीचा डाग, पाय-रॅड्स (डाग कॅन्सरचा असण्याची शक्यता सांगणारी श्रेणी) ३. पाचपैकी तीन, म्हणजे धड इकडे ना तिकडे. पीएसए डेन्सिटी म्हणून एक प्रकार असतो, पीएसए भागिले प्रोस्टेटचं आकारमान. ०.१५ च्या वर गेली की काळजी करतात. ५.१ धरून ती ०.०९ येते, १०.२ धरून ०.१८. रक्त तेच, माणूस तोच, आणि कोणता आकडा धरायचा यावर सगळं अडलंय.

डॉक्टर बायोप्सी करू म्हणतात, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणं. अण्णांचं एकच, 'सुई लावली की पसरतं.' त्यांना हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत, ती वेगळीच भीती. ही दुप्पट करायची पद्धत खरंच मानतात का? आणि तीन-चार महिने थांबून पुन्हा पीएसए केला तर चालेल का?

प्रतिसाद १
आमच्या काकांना गोखरूच्या काढ्याने पुष्कळ फरक पडला. बायोप्सीची घाई करू नका.

प्रतिसाद २
काढ्याने धार सुधारेलही, डाग कशाचा आहे ते कळणार नाही. धार ड्युटास्टेराइडनेही सुधारलीच की.

यूरोलॉजी विभागात काही वर्षं काम केलंय, त्यावरून सांगते. दुप्पट करणं बरोबर आहे, पण गोळी सहा महिने रोज पोटात गेली असेल तरच. मध्येच सुटली असेल तर हिशोब बिघडतो. हे अण्णांना विचारू नका, आईंना विचारा. नुसती टॅम्सुलोसिन असती तर पीएसए हलला नसता.

मात्र बोटाला कडक लागलं असेल आणि त्याच बाजूला डाग असेल, तर पीएसए ५ आहे की १० यावर बायोप्सी अडवून ठेवू नये. सुईने कॅन्सर पसरतो हा गैरसमज आहे. एमआरआय आधी झालाय हे उत्तम, आता डागाचा नेम धरून तुकडा घेता येतो. गुदद्वारातून न करता अंडकोशामागच्या त्वचेतून करतात का ते विचारा, त्यात जंतुसंसर्गाचा धोका कमी. स्टेंटच्या गोळ्या मनाने बंद करू नका. कोणती थांबवायची, किती दिवस, हे हृदयरोगतज्ज्ञच सांगतील. मधल्या काळात लघवी पूर्ण तुंबली किंवा थंडी वाजून ताप आला तर सरळ इस्पितळात न्या.

धागाकर्ता
ताई, मनापासून आभार. आईला फोन केला. दिवाळीत पाकीट संपलं होतं आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून यांनी जवळपास महिनाभर गोळी आणलीच नव्हती! दोन्ही डॉक्टरांना हे माहीत नाही. मेडिकलवाल्याकडून बिलांच्या तारखा मागवल्यात, त्या घेऊनच पुण्याला जाऊ.

अण्णा 'बघू' म्हणालेत, म्हणजे निम्मं काम झालं. त्वचेतून केलेली बायोप्सी कोणी करून घेतली आहे का? नुसती जागा बधिर करून करतात की पूर्ण भूल देतात? त्यांचा पहिला प्रश्न हाच असणार आहे.