स्क्रोल सॉ : १८ मिमी सागवानात काप तिरका जातोय, मदत हवी आहे

मंडळी, स्क्रोल सॉवर (बारीक पात्याची, नक्षी कापायची विजेची करवत) लाकडी कोडं कापायचं आहे. मशीन १६ इंची, पातं ५ इंची, बिनपिनचं (टोकांना आडवी पिन नसलेलं), ५ नंबर (नंबर मोठा तसं पातं रुंद-जाड). ६ मिमी प्लायमध्ये काप सरळ येतो. १८ मिमी सागवानात मात्र वळणावर तिरका जातो. कोड्याचा तुकडा खालून सहज निघतो, वरून अडकतो. टेबल पात्याशी ९० अंशांत आहे, गुण्या लावून पाहिलाय. ताणही पुरेसा, छेडलं की पातं खणखणीत वाजतं. बाजूने दाब पडला की पातं वाकतं, म्हणून लाकूड अगदी हळू सरकवलं, तर कड करपते. लाकडावर पॅकिंग टेप चिकटवल्यावर करपणं बरंच थांबलं (हा उपाय खरंच करून बघा), तिरकेपणा तसाच. एवढ्या जाडीला ७ की ९ नंबर घ्यावं? त्यावर बारीक वळणं निघतील का? आणि उलट्या दातांच्या (खालचे काही दात वर तोंड केलेले) पात्याने खाचेत भुसा जास्त अडकतो का?