'इजनॉट'चं पेटंट: भाषेच्या व्याकरणावर मालकी सांगता येते का?

धागाकर्ता
मायक्रोसॉफ्टने २००३ साली अमेरिकेत 'इजनॉट' या ऑपरेटरसाठी (प्रोग्रॅममध्ये तुलना किंवा गणित करणारा शब्द वा चिन्ह) पेटंटचा अर्ज केला. दोन व्हेरिएबल (प्रोग्रॅममध्ये माहितीला दिलेली नावं) मेमरीतल्या वेगवेगळ्या जागा दाखवतात का, एवढंच तो तपासतो. व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत त्यासाठी 'नॉट' आणि 'इज' वेगवेगळे लिहावे लागत. ते जोडून एक शब्द केला. आपण 'तो हा नव्हे' म्हणतो, त्यातला 'नव्हे'. पायथन या दुसऱ्या भाषेत 'इज नॉट' तर नव्वदच्या दशकापासून आहे! व्याकरणाला मालक नसतो, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद १
अर्ज वाईट होता, मान्य. पण तो मंजूर झालाच नाही ना? एका फुसक्या अर्जावरून सगळी सॉफ्टवेअर पेटंटं मोडीत काढू नका. आरएसए ही माहिती गुप्त करण्याची पद्धत घ्या. त्या एन्क्रिप्शनमागे तिघांची खरी बुद्धी होती. १९८३ ला पेटंट मिळालं, २००० मध्ये संपलं, आणि पद्धत सगळ्यांना वाचायला खुली होती. पेटंट नसतं तर कंपन्या अशा गोष्टी कुलपात ठेवतील.

धागाकर्ता
आरएसएची पद्धत पेटंट मिळण्याआधीच छापून आली होती, त्यामुळे कुलपाचा मुद्दा तिथे लागू होत नाही. आणि फुसकी पेटंटं मंजूरही होतात. एक्सओआर (दोन बिट वेगळे असतील तरच १ देणारी क्रिया) वापरून पडद्यावर कर्सर काढायचा आणि पुसायचा, यावर अमेरिकेत १९८० मध्ये पेटंट दिलं गेलं. एक्सओआर म्हणजे कॉलेजात पहिल्या सत्रात शिकवतात ते! कोर्टाचा खर्च झेपत नाही म्हणून छोटा माणूस मुकाट्याने पैसे भरतो. माझा राग त्यावर आहे.

प्रतिसाद २
धागाकर्त्याशी सहमत. जीआयएफ हा चित्रांचा फाइल प्रकार आठवा. त्यातल्या एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशनवर (फाइल लहान करण्याची पद्धत) युनिसिस कंपनीचं पेटंट होतं. लाखो चित्रं वेबवर गेल्यावर १९९४ च्या शेवटी परवाना शुल्काची घोषणा झाली. त्यातूनच पीएनजी हा पर्यायी चित्रप्रकार जन्माला आला.

प्रतिसाद १
म्हणजे अडचणीतून नवं निघालंच की. दोष तपासनिसाचा आहे. नवेपणाची परीक्षा कडक करा. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) 'कॉम्प्युटर प्रोग्रॅम पर से', म्हणजे निव्वळ प्रोग्रॅम, वगळतं, पण तांत्रिक परिणाम दाखवला तर दार उघडं राहतं. मला हा मधला रस्ता पटतो.

धागाकर्ता
त्या 'पर से'वरच तर वकिलांची घरं चालतात. युरोपच्या संसदेने जुलै २००५ मध्ये सॉफ्टवेअर पेटंटांचा मसुदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला, तितकी स्वच्छ भूमिका मला इथे हवी आहे. आरएसएबद्दल तुमच्याशी अजून वाद घालेन, पण ऑपरेटर, लूप (त्याच पायऱ्या पुन्हा पुन्हा करणं), तुलना यांना तरी हात लावू नये, एवढं तुम्हाला मान्य आहे का?

प्रतिसाद १
ऑपरेटरपुरतं, हो.