उंदराला विष देऊन मल्टिपल स्क्लेरोसिसचा अभ्यास का करतात?

प्रश्न (जुळे सोलापूर)
माझ्या धाकट्या बहिणीला दोन वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले. रोगप्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरील मायलिनच्या आवरणावर हल्ला करते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले होते. आता वाचनात आले की, या आजाराच्या अभ्यासासाठी उंदरांना क्युप्रिझोन नावाचे विष खाऊ घालतात. बहिणीच्या पोटात तर कोणतेही विष गेलेले नाही. मग अशा प्रयोगांतून तिच्या आजाराविषयी काय कळणार?

उत्तर (निवृत्त शरीरक्रियाशास्त्र शिक्षक, सोलापूर)
ताई, तुमची शंका रास्त आहे. क्युप्रिझोन हे तांब्याला धरून ठेवणारे रसायन आहे. साधारण ८ आठवडे वयाच्या उंदरांच्या खाद्यात ते ०.२ टक्के मिसळून ५ ते ६ आठवडे दिले, की मायलिन तयार करणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी मरू लागतात आणि मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसम या पट्ट्यातले मायलिन नाहीसे होते. मायलिनला निळा रंग देणारे रंजक वापरून त्याचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर निरोगी उंदरात गडद निळा दिसणारा हा पट्टा येथे फिकट पडलेला असतो. खाद्यातले विष थांबवले, की काही आठवड्यांत तो पुन्हा निळा होऊ लागतो, कारण राखीव पूर्वपेशींपासून नव्या ऑलिगोडेंड्रोसाइट तयार होतात.

या सगळ्यात टी-पेशींचा, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मायलिनवर हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचा, सहभाग नगण्य असतो आणि माझ्या मते हेच या पद्धतीचे बळ आहे. रुग्णाच्या मेंदूत हल्ला आणि दुरुस्ती एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे बिघाड नेमका कशात आहे हे वेगळे काढता येत नाही. येथे हल्ला बाजूला ठेवून केवळ दुरुस्ती पाहता येते. दुसऱ्या पद्धतीत लायसोलेसिथिन हे मायलिन विरघळवणारे रसायन सुईने थेट पांढऱ्या द्रव्यात, म्हणजे मायलिनने वेढलेल्या तंतूंच्या भागात, सोडतात. इजेची जागा आणि दिवस दोन्ही ठाऊक असल्यामुळे मायक्रोग्लिया या मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी मायलिनचा चुरा कधी उचलतात, पूर्वपेशी कधी जमतात आणि नवे आवरण कधी चढते, हे दिवसागणिक मांडता येते. वयस्क प्राण्यांत ही दुरुस्ती मंदावते, हेही अशाच प्रयोगांतून कळले.

उत्तर (जीवशास्त्राचा विद्यार्थी)
सरांच्या म्हणण्याला एक पुस्ती जोडतो. विष बंद केल्यावर उंदीर बऱ्यापैकी सावरतो, रुग्णाच्या बाबतीत मात्र दुरुस्ती अनेकदा अर्धवटच राहते; शिवाय आजार पुन्हा पुन्हा उसळणे या उंदरांत दिसत नाही. म्हणून रोगप्रतिकारशक्तीचा भाग अभ्यासण्यासाठी ईएई हे वेगळे प्रारूप वापरतात; त्यात प्राण्याच्या रोगप्रतिकारशक्तीलाच मायलिनवर हल्ला करायला लावतात. तरीही विषप्रयोगांचा उपयोग रुग्णांपर्यंत पोहोचला आहे. क्लेमास्टिन या ॲलर्जीवरील जुन्या औषधाने लायसोलेसिथिन दिलेल्या उंदरांत मायलिनची दुरुस्ती वेगाने झाली, आणि पुढे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ५० रुग्णांच्या चाचणीत दृष्टिमज्जातंतूतील संदेशवहन किंचित सुधारल्याचे आढळले. सुधारणा लहान आहे, त्यामुळे हे औषध कोणीही स्वतःहून घेऊ नये.

प्रश्नकर्ती
आपणा दोघांचे मनापासून आभार. आणखी एक काळजी आहे. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला, की दुपारी तिला वर्तमानपत्रातली अक्षरे पुसट दिसतात. मानेवर ओला पंचा ठेवून तासभर कूलरसमोर बसली, की पुन्हा नीट दिसू लागते. रोज दुपारी तिचे मायलिन झडत असेल का?

उत्तर (निवृत्त शरीरक्रियाशास्त्र शिक्षक, सोलापूर)
नाही. मायलिन झडले असते, तर तासाभरात ते परत आले नसते. प्रयोगातल्या तरुण उंदरालाही त्यासाठी आठवडे लागतात. आवरण गमावलेल्या तंतूतून संदेश जेमतेम पुढे सरकतो आणि शरीराचे तापमान थोडे जरी वाढले, तरी तो वाटेतच थांबतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये अशा तात्पुरत्या पुसट दिसण्याची नोंद केली होती. मात्र शरीर गार झाल्यावरही दिसण्यातला फरक दिवसभर टिकला, तर उन्हाला दोष देत थांबू नका; त्याच दिवशी तिच्या मेंदूविकारतज्ज्ञांना कळवा.