पक्षांचा खर्च सरकारने उचलावा का?

तलावपाळीकर : काल संध्याकाळी कट्ट्यावर याच विषयावरून जुंपली. इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्येच सुचवलं होतं की सरकारने निवडणूक खर्चाचा काही भाग उचलावा. रोख नाही, वस्तुरूपात. मला पटतं. निवडणूक रोखे, म्हणजे पक्षांना नाव न उघड करता देणगी द्यायची सोय, सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले. पण पक्ष चालायला पैसा लागतोच. तो बिल्डरकडून आला तर आमदार कुणाचा फोन आधी उचलणार?

करदाता घोडबंदर : रोज तासभर ट्रॅफिकमध्ये सडायचं आणि वर यांच्या ढोलताशांचे पैसेही आपणच भरायचे? आधीच काय कमी देतोय? पक्षांचं उत्पन्न अटी पाळल्या तर करमुक्त, मतदारयाद्या मान्यताप्राप्त पक्षांना फुकट, दूरदर्शन-आकाशवाणीवर वेळ फुकट. आता अजून काय, मांडवसुद्धा?

नेरुळ पूर्व : आणि त्या समितीने फक्त मान्यताप्राप्त पक्षांचा विचार केला होता हो. आमच्याकडे पाण्यासाठी भांडणाऱ्या बाई अपक्ष उभ्या राहिल्या तर त्यांच्या करातून समोरच्याचा प्रचार होणार!

फ्लेक्सवाला, वागळे इस्टेट : माझा छपाईचा धंदा आहे, म्हणून सांगतो. प्रचाराच्या बोर्डावर छापणाऱ्याचं आणि छापून घेणाऱ्याचं नाव-पत्ता टाकावाच लागतो. मागच्या वेळी एकाने चाळीस बोर्ड सांगितले. दहाचं बिल उमेदवाराच्या नावावर, बाकी तीसवर 'शुभेच्छुक मित्रमंडळ', म्हणजे हिशेबाबाहेर. सरकारने दहा फुकट दिले तर तो पन्नास छापेल, एवढंच.

तलावपाळीकर : दादा, हे तर माझ्याच बाजूचं झालं. विधानसभेला उमेदवाराची मर्यादा ४० लाख, पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. १९९९ मध्ये विधी आयोगानेही बजावलं होतं की पूर्ण सरकारी निधी द्यायचा तर दुसरीकडून पैसा घ्यायला बंदी हवी. ती घाला ना आधी.

करदाता घोडबंदर : घालणार कोण? ज्यांना घ्यायचेत तेच!

तलावपाळीकर : हे खरं. इथे माझ्याकडे उत्तर नाही. तरी बिल्डरच्या पैशापेक्षा माझा कर परवडला, हे मत काही बदलत नाही.

फ्लेक्सवाला, वागळे इस्टेट : त्या तीसपैकी बारा बोर्डांचे पैसे अजून यायचेत बरं का. वसुलीला जाऊ कुणाकडे, मित्रमंडळाकडे?