मदत हवी आहे: शाळेच्या व्हरांड्यात मुलं घसरतात, कोणती फरशी घालावी?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या माध्यमिक शाळेसाठी सल्ला हवा आहे. मी माजी विद्यार्थी, आता शाळा समितीवर. धंदा छपाईचा, बांधकामातलं ओ की ठो कळत नाही.

इमारत जांभ्याची, कौलारू, एकमजली. सहा वर्ग, प्रत्येक साधारण २० बाय २५ फूट. समोर १२० फूट लांब नि ८ फूट रुंद व्हरांडा. वर्गांत अजून जुनी शहाबादी आहे, आमच्या बसण्याने गुळगुळीत झालेली. व्हरांड्यातही तीच होती. चार वर्षांपूर्वी देणगीच्या पैशातून ती उखडून पांढऱ्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. उद्घाटनाचे फोटो झकास आले.

आता रोजचं चित्र सांगतो. आमची माती लाल. पांढऱ्या फरशीवर चिखलाचं एकेक पाऊल उठून दिसतं, म्हणून शिपाईमामा दिवसातून तीनदा ओलं फडकं मारतात. पावसाळी हवेत ते वाळत नाही, वर झड येतेच. म्हणजे फरशी जून ते सप्टेंबर ओलीच. मामांनी गोणपाट टाकून पाहिलं, तर पोरं गोणपाटासकट घसरायला लागली. गेल्या ऑगस्टमध्ये आठवीतली एक मुलगी खिचडीचं ताट घेऊन येताना पडली, मनगट मोडलं. तेव्हापासून मुलं व्हरांड्यात भिंतीला हात लावून चालतात. हे बघवत नाही.

मुंबईकर मंडळाने साडेचार लाख जमवलेत. अट एकच, वर्ग नि व्हरांडा सगळं 'एकसारखं' झालं पाहिजे. १५ जूनला शाळा उघडायच्या आत. ठेकेदार म्हणतो, काही उखडू नका, आहे त्यावरच 'अँटी-स्किड मॅट' टाइल चिकटवून देतो, दहा दिवसांत मोकळे.

माझे प्रश्न:
टाइलवर टाइल टिकते का? 'अँटी-स्किड' म्हणजे नक्की काय बघायचं? आणि दोन वर्गांत शहाबादी खचलीय, बाक डुगडुगतात. एका कोपऱ्यात तर बादलीभर पाणी ओतलं की कुठे जातं कळत नाही. तिथे काय करावं?

---

ओळंबा:

काका, तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. पाणी गडप होतंय म्हणजे खाली पोकळी आहे, आणि गावची शाळा म्हटल्यावर माझी पैज घुशींवर. पायाजवळून बीळ करून आत शिरतात नि भरणी बाहेर उकरून टाकतात. वर्गामागे भिंतीलगत मातीचा ढीग दिसतो का बघा. अशा जमिनीवर इटलीचा संगमरवर घातला तरी तो खचणारच.

त्या दोन वर्गांतली शहाबादी जपून काढायची. सैल माती उपसून बिळं बुजवायची, मग थराथराने भरणी: पाणी मारायचं, धुमसायचं, पुन्हा थर. त्यावर दगडाचं सोलिंग, म्हणजे दगडांचा ठोकून बसवलेला थर, आणि चार इंच काँक्रीट. जुने गवंडी भरणीत फुटक्या बाटल्यांच्या काचा टाकायचे, घूस परत येत नाही म्हणून. मग तीच शहाबादी परत बसवा. दगड पन्नास वर्षांत मेलेला नाही, खालची माती मेलीय.

बाकी चार वर्गांत हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी वाजवा. भरीव 'टक्' आला की सोडून द्या, 'ढप्' आला की खडूने फुली.

टाइलवर टाइल: व्हिट्रिफाइड पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत. म्हणूनच तिला साधं सिमेंट नीट धरत नाही, चिकटवायचं वेगळं मिश्रण लागतं. ते वापरून वरची पक्की बसली तरी खालची आधीच पोकळ असेल तर दोन्ही एकदमच उचलतील. शिवाय जमीन पाऊण इंच वर येणार. व्हरांडा नि वर्गाच्या उंबऱ्याचं गणित बिघडेल, पोरं ठेचकाळतील. रॅम्प असेल तर त्याचाही उतार बदलेल. एक फुटाच्या चढाला बारा फूट लांबी लागते, ती पुन्हा मोजा.

आणि ढाळ! व्हरांड्याला बाहेरच्या बाजूला फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ढाळ हवा. तुमच्या आठ फुटांना एक इंच. गोटी सोडून बघा. आत आली तर निम्मं उत्तर मिळालं.

---

धुकं:

मी इंग्लंडमध्ये शाळेत काम करते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नापुरतं. 'अँटी-स्किड' हा नुसता शब्द आहे, आकडा मागा. माहितीपत्रकात आर ९ ते आर १३ असतं. ही चाचणी उतरत्या फळीवर तेल ओतून, बूट घातलेल्या माणसाला चालवून करतात. आर ९ ही सगळ्यात खालची पायरी, त्यामुळे 'आर रेटिंग आहे' एवढ्याने हुरळू नका. ओल्या व्हरांड्याला मी आर ११ च्या खाली जाणार नाही. अनवाणी पायांसाठी वेगळी चाचणी असते, साबणाच्या पाण्यावर. तिथे अ, ब, क अशा श्रेणी, क सगळ्यात चांगली. तुमच्याकडे मुलं चपला वर्गाबाहेर काढत असतील तर तीही विचारा. इकडे बसलेल्या फरशीवर लोलकाने घर्षण मोजतात, आकडा ओल्यात ३६ किंवा वर आला तर घसरण्याचा धोका कमी मानतात.

इथल्या शाळांत खरखरीत विनाइल सर्रास असतं, पण त्याचा मोह नको. खालून ओल येणाऱ्या जमिनीवर ते फुगून सुटतं.

---

परीक्षानळी:

वरिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत २२ वर्षं आहे, म्हणून राहवत नाही. शहाबादी, कोटा, कडप्पा, तिन्ही चुनखडीच्या जातीचे. ॲसिड पडलं की फेस येतो नि कायमचा पांढरा डाग. आमच्या प्रयोगशाळेत कोटा घातला होता. पहिल्या वर्षाच्या मुलांनी हायड्रोक्लोरिकने त्यावर भारताचा नकाशा काढलाय म्हणा ना. तेव्हा शाळेच्या मुतारीत आणि प्रयोगाच्या ओट्यापाशी हे दगड नकोत, तिथे खरबरीत सिरॅमिकच. आणि फरशी बदलली की शिपाईमामांच्या हातातली ॲसिडची बाटली आधी काढून घ्या. सांगूनही कुणी ऐकत नाही, हा अनुभव.

कोटा घेतलात तर व्हरांड्यात आरसा पॉलिश करू नका. पॉलिशवाला मशीन घेऊन आला की त्याला थांबवत नाही कुणी. पायऱ्यांच्या कडेला तीन-तीन खाचा मारून घ्या.

---

पागोळी:

वरच्या दोघांना विरोध नाही, पण कोकणातलं एक सांगते. खरबरीत दगडावर शेवाळ धरतं. आमच्याकडे अंगणात शहाबादी आहे, ऑगस्टमध्ये हिरवीगार. चकचकीत टाइलपेक्षा शेवाळावरून पडलेला माणूस जास्त जोरात आपटतो! दर शनिवारी ब्लिचिंग पावडर नि खराटा, एवढं करणार असाल तरच दगड. नाहीतर आधी पत्रा दोन फूट पुढे काढा, झड आत येणारच नाही.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. ओळंबा, पैज जिंकलात. सहावीच्या वर्गामागे कुंपणाशी ढीग आहे, मी लहानपणापासून तो बागेचा समजत होतो. गोटीही आत आली, थेट सातवीच्या दारात.

काल तीन नमुने आणले: ठेकेदाराची मॅट टाइल, पॉलिश न केलेला कोटा आणि नुसती मशीनकट शहाबादी. शेजारी व्हरांड्यातली एक सुटलेली टाइल. चारही एका फळीवर ठेवले, फळीखाली एका टोकाला वीट, वर साबणाचं पाणी. मुलांना लांब उभं केलं, मुख्याध्यापकांचा हात धरून मी स्वतः चढलो, आधी अनवाणी, मग झिजलेली रबरी चप्पल घालून. पांढऱ्या टाइलवर पाय ठेवला नि सरांसकट खाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅट टाइल अनवाणी ठीक होती, चपलेने सरकली. तिच्या खोक्यावर आर ९ लिहिलंय. शहाबादीने दोन्हींत धरून ठेवलं, कोटाही जवळपास तसाच.

म्हणून ठरतंय ते असं: चार वर्गांना हात लावायचा नाही, फुल्या मारलेल्या अकरा फरश्या तेवढ्या पुन्हा बसवायच्या. दोन वर्ग खालपासून. व्हरांडा उखडून ढाळ नव्याने काढून शहाबादी. वाचतील त्या पैशात पागोळी यांचा पत्रा. मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, "म्हणजे आम्ही पैसे देऊन शाळा पुन्हा जुनीच दिसणार?" त्यांना फळीचा व्हिडिओ पाठवलाय, उत्तर यायचंय.

आता एक नवीनच प्रश्न. व्हरांड्यातून चार वर्षांपूर्वी काढलेली शहाबादी स्वयंपाकाच्या शेडमागे रचून ठेवलेली सापडली. वरच्या थरावर मावशी भांडी घासतात. मोजली, धड असलेली सुमारे ६०० चौरस फूट निघेल. जाडी दीड इंच. व्हरांड्याला ९६० लागणार. आज दुकानात मिळते ती पाऊण-एक इंची. उरलेल्या ३६० फुटांसाठी जुनी दीड इंची कुठे मिळेल? चिपळूण-संगमेश्वर पट्ट्यात कुणाचं जुनं घर उतरवलं जात असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, टेम्पो आमचा.

---

ओळंबा:

नाही मिळाली तरी अडत नाही. पातळ फरशीखाली माल जाड घ्यायचा, वरून पातळी एकच. फक्त जुनी सगळी दारासमोर नि मधल्या वाटेवर लावा, नवी कडेला. आणि मावशींना भांडी घासायला दोन ठेवा, नाहीतर पहिला मोर्चा त्यांचा येईल.