बेस गिटारसाठी पिक (तार छेडायची छोटी पट्टी) कुठलं घ्यावं?

प्रश्न: राजारामपुरीत मित्राच्या गच्चीवर आमची प्रॅक्टिस चालते. ०.६० मिमीच्या नायलॉन पिकनं जाड ई तार छेडली की नुसती टिकटिक, पोटात बसणारा आवाज येतच नाही. अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) बदलू का?

उत्तर: भावा, अँपला हात लावू नको. पातळ पिक तारेवर वाकतं, मग खटका पुढं आणि खर्ज मागं पडतो. मी १.१४ मिमीचं डेलरिनचं (कडक प्लॅस्टिकचं) पिक वापरतो, तेही टोकानं नाही, त्याच्या वरच्या गोल खांद्यानं. ठोका कसा भरीव लागतो! तळवा ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथं टेकतात तिथं, हलका टेकव. अमेरिकेच्या नामी बेसवादक कॅरल के पिकनंच वाजवायच्या, तारांवर फेल्टचा (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाचा) तुकडा ठेवून. कान देऊन ऐकच.

उत्तर: फेल्टचं पिकही बघा. बोटांसारखा मऊ आवाज येतो, पण लवकर झिजतं.

प्रश्नकर्ता: आत्ताच खांद्यानं वाजवलं. खर्ज आला! उद्या जाड पिक आणतो.